हृदयाचं दुखणं: कुठे धावायचं आणि कुठे थांबून विचारायचं

हृदयरोग विभागाबाहेरच्या मदत कक्षात बसलं की दिवसभर नातेवाइकांचे दोन प्रश्न कानावर पडतात. एक, "डॉक्टर म्हणतात आत्ताच करा, करायचं का?" आणि दुसरा, "जरा सकाळपर्यंत वाट बघितली तर चालेल का?" मी तिथे काम करते. बहुतेक घरांत हे दोन्ही प्रश्न चुकीच्या वेळी विचारले जातात, हे मला रोज दिसतं. छातीत कळ येऊन घामाने भिजलेला माणूस रात्रभर घरी झोपवला जातो. आणि महिन्यांपासून जिना चढताना थोडा दम लागतो म्हणून तपासायला आलेल्या माणसाचं घर ब्लॉकचा आकडा ऐकून अर्ध्या तासात सही करून मोकळं होतं.

हृदयविकाराच्या उपचारात गेल्या पन्नास वर्षांत फार मोठे बदल झाले. पण त्यांचा फायदा मिळायचा असेल तर आपण कोणत्या रस्त्यावर आहोत हे आधी कळायला हवं. रस्ते दोन आहेत. हृदयाच्या रक्तवाहिनीत साचलेला चरबीचा थर अचानक फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि नस बंद होते, तो हार्ट अटॅक. हा घाईचा रस्ता. तोच थर वर्षानुवर्षं हळूहळू वाढून नस अरुंद होते आणि चालताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं, तो अँजायना. हा सवडीचा रस्ता. पहिल्यात एकेका मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. दुसऱ्यात प्रश्न विचारायला बहुतेक वेळा पुरेसा वेळ असतो.

पायरी १: दुखणं ओळखा, १०८ ला फोन करा

छातीच्या मधोमध दडपण, आवळल्यासारखं किंवा जळजळल्यासारखं वाटणं, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात पसरणारी कळ, दरदरून घाम, धाप, मळमळ. यातलं काही दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर तो हार्ट अटॅक आहे असंच धरून चाला. मधुमेह असलेल्यांना, वयस्कर माणसांना आणि बायकांना छातीत न दुखता नुसता थकवा, धाप किंवा उलटी एवढंच होऊ शकतं. आईला "पित्त झालंय" म्हणून घरात सगळ्यात उशिरा दवाखान्यात नेलं जातं, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

अॅसिडिटी आहे की हार्ट अटॅक, हे घरी बसून कोणालाही सांगता येत नाही, डॉक्टरलाही नाही. त्यासाठी ईसीजी लागतो. सोडा, ओवा, हिंग घेऊन "बघू जरा" म्हणण्यात जो तास जातो तोच सगळ्यात मोलाचा असतो.

महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नका, जिना चढउतार करायला लावू नका. अॅस्पिरिनची अॅलर्जी नसेल, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर फोनवरच्या डॉक्टरला विचारून साधारण ३०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन चावून खायला द्या. चावल्याने ती लवकर रक्तात उतरते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या मोठ्या अभ्यासाने या साध्या स्वस्त गोळीमुळे हार्ट अटॅकमधले मृत्यू कमी होतात हे दाखवून दिलं. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. कळ एकदम फाडल्यासारखी येऊन पाठीत गेली असेल तर महाधमनी फाटलेली असू शकते, तेव्हा अॅस्पिरिन न देता थेट हॉस्पिटल गाठा. आणि शेजाऱ्याकडची सॉर्बिट्रेट (नसा सैल करणारी गोळी) जिभेखाली ठेवायला देऊ नका. रक्तदाब आधीच उतरलेला असेल किंवा रुग्णाने सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी घेतलेली असेल तर ती धोक्याची ठरते.

पायरी २: पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी

दवाखान्यात पोचल्यावर दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा, असा जगभरचा नियम आहे. केसपेपरच्या रांगेत उभं राहू नका. "छातीत दुखतंय, आधी ईसीजी काढा" हे वाक्य मोठ्याने म्हणा.

ईसीजीच्या गुलाबी कागदावर बारीक चौकोन असतात. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक बारीक चौकोन म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. प्रत्येक ठोक्याच्या उंच सुळक्यानंतर रेघ परत मूळ पातळीवर यायला हवी. ती खाली न येता वर उचललेलीच राहिली तर डॉक्टर "एसटी वर आहे" किंवा "स्टेमी आहे" म्हणतात. याचा अर्थ साधारणपणे असा की एक मोठी नस पूर्ण बंद आहे आणि ती आत्ता उघडायची आहे. यावर घरात चर्चा करायची वेळ राहिलेली नसते.

पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून लगेच घरी जाऊ नका. दुखणं चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी तो पुन्हा काढतात. बदल कधी कधी दुसऱ्या किंवा तिसऱ्या कागदावर दिसतो.

आणि प्रत्येक ईसीजीचा लगेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तो थर्मल कागद असतो, काही वर्षांत पुसट होतो. प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला तर आणखी लवकर. पाच वर्षांनी नव्या डॉक्टरला जुन्याशी ताडून बघायचं असतं तेव्हा घरचे पांढरा कोरा कागद पुढे करतात. मनगटावरच्या स्मार्टवॉचचा ईसीजी अनियमित ठोके पकडायला उपयोगी पडतो, पण तो हृदयाकडे एकाच कोनातून बघतो. दवाखान्यातला बारा कोनांतून बघतो. घड्याळ "नॉर्मल" म्हणतंय म्हणून छातीतल्या कळेकडे दुर्लक्ष करू नका.

पायरी ३: ट्रोपोनिनचा आकडा वाचताना

स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात येतं. पूर्वीच्या चाचणीत ते दिसायला बरेच तास लागायचे. आता हाय सेन्सिटिव्हिटी चाचणीत फार थोडं ट्रोपोनिनही मोजता येतं. त्यामुळे दाखल झाल्यावर एकदा आणि मग एक ते तीन तासांनी पुन्हा, अशा दोन नमुन्यांवर बरेचदा निर्णय होतो. एकाच आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरक महत्त्वाचा. किडनीच्या आजारात, मोठ्या जंतुसंसर्गात, फुप्फुसात गुठळी गेली असेल तेव्हाही ट्रोपोनिन वाढलेलं असतं, पण अटॅकमध्ये ते झपाट्याने चढतं किंवा उतरतं.

इथे नातेवाइकांचा एक गोंधळ हमखास होतो. एका लॅबच्या रिपोर्टवर ०.०१४ असतं, दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टवर १४. घरात रडारड सुरू होते की आकडा हजारपट झाला. एकक बघा. पहिलं मिलिलिटरमागे नॅनोग्रॅम आहे, दुसरं लिटरमागे नॅनोग्रॅम. दोन्ही आकडे एकच आहेत. शिवाय प्रत्येक कंपनीच्या चाचणीची मर्यादा वेगळी असते, म्हणून दोन नमुने एकाच लॅबकडे जातील असं बघा.

आणि स्टेमी स्पष्ट दिसत असेल तर ट्रोपोनिनच्या रिपोर्टची वाट बघत कोणी थांबत नाही. थांबूही नये.

घाईचा रस्ता: नस उघडायची, कशी आणि कुठे

नस उघडायचे दोन मार्ग. कॅथलॅबमध्ये (नसेतून नळी घालून काम करायची खोली) नेऊन फुग्याने आणि स्टेंटने, म्हणजे नस उघडी धरणाऱ्या जाळीदार नळीने, उघडायची, हीच अँजिओप्लास्टी; किंवा गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं. कॅथलॅब जवळ असेल तर पहिला मार्ग चांगला. पण निदान झाल्यापासून १२० मिनिटांत ते होणार नसेल, तर आधी इंजेक्शन द्यायचं आणि मग रुग्णाला पुढे पाठवायचं, असं युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. भामरागड, धडगाव किंवा जव्हारहून निघालेल्या माणसासाठी हे वाक्य जीव वाचवणारं आहे. "मोठ्या शहरात नेतो, तिथेच काय ते करतील" म्हणून इंजेक्शनला नकार देऊन गाडीत घालणारी घरं आहेत. तो नकार देऊ नका.

टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन वजनानुसार एका दमात देता येतं, दहा सेकंदांत. जुनं स्ट्रेप्टोकायनेज सलाइनमधून ३० ते ६० मिनिटं सोडावं लागतं. तेही काम करतं, आणि स्वस्त आहे. पण ते एकदा दिलं की शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, म्हणून ते सहसा दुसऱ्यांदा देत नाहीत. कोणतं इंजेक्शन दिलं, किती वाजता दिलं, हे रेफरच्या चिठ्ठीवर लिहून घ्या. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असेल, नुकताच पक्षाघात झाला असेल, मोठं ऑपरेशन झालं असेल, तर विचारायची वाट न बघता डॉक्टरांना सांगा, कारण अशा वेळी ही इंजेक्शनं जिवावर बेतू शकतात.

इंजेक्शननंतर ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढतात. उचललेली रेघ निम्म्याहून जास्त खाली आली तर नस उघडल्याचं लक्षण. आली नाही तर लगेच अँजिओप्लास्टी लागते. उघडली असली तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी (नळीतून डाय सोडून नसांची एक्स-रे चित्रं काढणं) करायची असते. म्हणून इंजेक्शनने बरं वाटलं की डिस्चार्ज मागू नका.

या साखळीत अलीकडे झालेला सगळ्यात उपयोगी बदल, माझ्या मते, कुठल्याही महागड्या यंत्राचा नाही. ग्रामीण रुग्णालयात काढलेला ईसीजी मिनिटांत दूरच्या तज्ज्ञाच्या पडद्यावर पोचतो आणि तिथून उत्तर येतं, हा तो बदल. गोव्यात स्टेमी गोवा प्रकल्पात तालुक्याच्या केंद्रांतले ईसीजी असे वाचले जातात आणि पुढच्या उपचारासाठी बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असतं. महाराष्ट्रातही सरकारी रुग्णालयांत अशी सोय सुरू झाली. तालुक्याच्या दवाखान्याला कमी लेखून तो ओलांडून पुढे पळण्याआधी तिथे ईसीजी काढून घ्या.

सवडीचा रस्ता: तपासण्यांचा क्रम

आता दुसरा माणूस. चालताना छाती भरते, थांबलं की दोन-तीन मिनिटांत बरं वाटतं, आणि हे बरेच दिवस तसंच चाललंय. (बसल्या जागी दुखायला लागलं, किंवा त्रास अचानक वाढला, तर तो घाईच्या रस्त्यावर आला.) याच्या प्रत्येक तपासणीचा प्रश्न वेगळा असतो.

टूडी एको ही हृदयाची सोनोग्राफी. पंपिंग कसं आहे, झडपा कशा आहेत, कुठल्या भिंतीची हालचाल मंद आहे, हे ती सांगते. पंपिंगचा आकडा साधारण ५५ ते ७० असतो. "माझं हृदय साठ टक्केच चालतंय" म्हणून घाबरणारे लोक रोज भेटतात. साठ म्हणजे उत्तम. पण एकोत नसांमधले ब्लॉक दिसत नाहीत, त्यामुळे एको नॉर्मल म्हणजे नसा नॉर्मल असं होत नाही.

ट्रेडमिल टेस्टमध्ये दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो, आणि मेहनत वाढल्यावर ईसीजी बदलतो का ते बघतात. गुडघे दुखणाऱ्यांना ती जमत नाही, आणि बायकांमध्ये ती बरेचदा खोटी पॉझिटिव्ह येते.

सीटी कोरोनरी अँजिओग्राफी हा या रस्त्यावरचा मोठा बदल. हातातल्या शिरेतून डाय (चित्रात नसा उठून दिसाव्यात म्हणूनचं औषध) सोडून नसांची चित्रं काढतात, हृदयात नळी घालावी लागत नाही. स्कॉटलंडमधल्या स्कॉट-हार्ट अभ्यासात नेहमीच्या तपासणीला हिची जोड दिलेल्या रुग्णांमध्ये पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा अटॅक येण्याचं प्रमाण २.३ टक्के होतं, न दिलेल्यांत ३.९. चित्रात थर दिसला की योग्य गोळ्या लवकर सुरू होतात, हे त्यामागचं मुख्य कारण. नस मोकळी आहे हे सांगण्यात ही तपासणी फार भरवशाची, पण कॅल्शियम जास्त असलेल्या नसा ती प्रत्यक्षापेक्षा अरुंद दाखवू शकते.

जाताना क्रिएटिनिनचा (किडनीच्या कामाचा) रिपोर्ट न्या. ठोके साठच्या आसपास यावेत म्हणून आधी गोळी देतात, जिभेखाली फवारा देतात. डाय जाताना अंगातून गरम लाट गेल्यासारखं वाटतं, लघवी झाली की काय असंही वाटतं. झालेली नसते. काही सेकंदांत ते ओसरतं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल आणि किडनी कमजोर असेल तर ती गोळी थांबवायची का, हे आधीच विचारून ठेवा.

कॅथलॅबमध्ये काय होतं

१९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे इथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि चालत जाऊन एक्स-रे काढला. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आंद्रेयास ग्रुंट्झिगने १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये जाग्या माणसाच्या हृदयाची नस फुग्याने उघडली. पहिला स्टेंट १९८६ मध्ये फ्रान्समध्ये बसला. आणि १९९२ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये फर्डिनांड कीमेनाईने हीच अँजिओप्लास्टी मांडीऐवजी मनगटातून सुरू केली. आज तुमच्या रुग्णाला काही तासांत उठून बसता येतं ते या शेवटच्या बदलामुळे. मांडीतून केलेल्यांना बरेच तास पाय सरळ ठेवून पडावं लागतं, आणि रक्तस्रावही मनगटापेक्षा जास्त होतो.

रुग्ण पूर्ण जागा असतो. मनगटावर भूल देणारं छोटं इंजेक्शन, मग दोनेक मिलिमीटर जाडीची नळी. ती वर सरकताना हातात कळ आली तर तसं बोलावं, नस आवळली असेल तर औषध देतात. साध्या अँजिओग्राफीला वीस-तीस मिनिटं लागतात. फुगा फुगवला की काही सेकंद छातीत तसंच दुखू शकतं, तेही सांगावं. काम झालं की मनगटावर पारदर्शक पट्टा बांधतात, त्यात सिरिंजने हवा भरलेली असते. पुढचे काही तास नर्स थोडी थोडी हवा काढत जाते. तो पट्टा घरच्यांनी "घट्ट वाटतोय" म्हणून सैल करायचा नाही. मी हे दरवाजाबाहेर प्रत्येकाला सांगते, तरी कोणी ना कोणी करतोच, आणि चादर रक्ताने भिजते.

पडद्यावर ब्लॉक डोळ्यांनी बघून टक्के सांगितले जातात, आणि दोन डॉक्टर एकाच नसेला ६० आणि ७५ म्हणू शकतात. त्यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे एफएफआर. बारीक तारेवरच्या सेन्सरने ब्लॉकच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजतात. उत्तर ०.८० किंवा त्याखाली आलं तर ब्लॉक रक्तप्रवाह खरोखर अडवतोय. त्यावर आलं तर तो दिसायला वाईट असला तरी बहुधा स्टेंट न घालता चालतं. दुसरा उपाय म्हणजे आयव्हस आणि ओसीटी, नसेच्या आत जाऊन आतूनच चित्र काढणं. नस किती रुंद आहे, स्टेंट भिंतीला नीट चिकटला का, हे त्यात दिसतं. लेफ्ट मेन (हृदयाच्या डाव्या बाजूची मुख्य नस), फाटा फुटतो तिथला किंवा लांबलचक ब्लॉक असेल तर हे चित्र काढावंच, असं युरोपीय हृदयरोग संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. खर्च वाढतो, पण अशा अवघड जागी "आयव्हस किंवा ओसीटी वापरणार का?" असं जरूर विचारा. कॅल्शियमने दगड झालेल्या नसेसाठीही आता मार्ग आहेत. बारीक ड्रिलने तो थर घासतात, किंवा फुग्यातून ध्वनिलहरी सोडून त्याला तडे पाडतात.

सही करण्याआधी: गोळ्या, स्टेंट की बायपास

अँजिओग्राफी चालू असताना बाहेर येऊन "नव्वद टक्के आहे, लगेच करू या का?" असं विचारतात तेव्हा आपण कोणत्या रस्त्यावर आहोत ते आठवा. अटॅक चालू असेल तर हो म्हणा. सवडीच्या रस्त्यावर असाल तर थांबून बोला. "टाइम बॉम्ब" हा शब्द ऐकला की घरच्यांचा धीर सुटतो, पण स्थिर अँजायनासाठी तो शब्द योग्य नाही.

इस्केमिया नावाच्या अभ्यासात भारतासह ३७ देशांतले ५,१७९ स्थिर रुग्ण होते. निम्म्यांची आधी अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास झाली, निम्म्यांना आधी फक्त चांगली औषधं दिली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात मृत्यू आणि अटॅक यांच्या एकूण प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. छातीतला त्रास मात्र पहिल्या गटात जास्त कमी झाला. म्हणजे गोळ्यांवर त्रास थांबत नसेल तर स्टेंटचा खरा उपयोग आहे. या अभ्यासात लेफ्ट मेनचा ब्लॉक असलेले आणि पंपिंग ३५ च्या खाली गेलेले रुग्ण नव्हते, त्यांची गोष्ट वेगळी.

म्हणून विचारायचे प्रश्न हे: लेफ्ट मेनला ब्लॉक आहे का? पंपिंग किती? किती नसांत ब्लॉक आहे, मधुमेह आहे का? एफएफआर केलं का? गोळ्यांचा पूर्ण डोस देऊन बघितला का? रिपोर्ट आणि अँजिओग्राफीची सीडी हातात घ्या. दुसऱ्या डॉक्टरला दाखवणं हा अपमान नाही, चांगले डॉक्टर स्वतःच तसं सुचवतात.

मधुमेह आणि तिन्ही नसांचे ब्लॉक असतील तर बायपास सरस ठरते, हे फ्रीडम या अभ्यासाने २०१२ मध्ये दाखवलं. छातीच्या आतल्या बाजूची धमनी जोडलेली असेल तर दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ जणांत ती चालू असते. छाती उघडायची भीती समजू शकते. पण तेवढ्या भीतीपोटी चार-पाच स्टेंट घालून घेण्याआधी सर्जनशी एकदा समोरासमोर बोला.

पैसे आणि कागद

२०१७ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली. त्याआधी औषधवेष्टित स्टेंटचे लाखाच्या वर घेतले जायचे. तेव्हापासून कमाल किंमत वेळोवेळी बदलते, प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर चालू आकडा मिळतो. बिलात स्टेंटची किंमत, ब्रँड आणि बॅच नंबर वेगळा दाखवणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे. स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या. बलून, वायर, कॅथेटर यांचे पैसे वेगळे लागतात, त्यांचा अंदाज आधी लेखी मागा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. शिधापत्रिका आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. दाखल होतानाच भेटा, कारण बिल झाल्यावर मागे जाऊन योजना लागू होत नाही. आणीबाणीत आधी रुग्णाला आत न्या, कागद आणायला घरचा दुसरा कोणी पाठवा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालतं.

घरी आल्यावर

स्टेंट घातला म्हणजे आजार गेला असं समजून गोळ्या सोडणं, याच्याइतकं नुकसान दुसरं काहीच करत नाही. स्टेंटने एक जागा उघडली. बाकीच्या नसांतला थर तिथेच आहे, आणि नव्या धातूवर गुठळी धरायला रक्त तयारच असतं.

रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या असतात. अॅस्पिरिन, आणि सोबत क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल. अटॅकनंतर साधारण १२ महिने, स्थिर आजारात स्टेंट घातला असेल तर साधारण ६ महिने, आणि मग एक गोळी पुढे चालू. दात काढायचाय, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, कोणीही "चार दिवस बंद करा" म्हणालं तरी हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा असते आणि काहींना तिने दम लागल्यासारखं वाटतं. त्रास झाला तर बदलून मिळते, स्वतः सोडायची नसते. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर अॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल मनाने घेऊ नका, डॉक्टर बहुधा पँटोप्राझोल देतात.

स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीबद्दल, घराघरांत गैरसमज आहेत. १९७३ मध्ये जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं केलं, आणि आज नस उघडी ठेवणाऱ्या औषधांत त्याच्याइतका पुरावा फार थोड्या औषधांचा आहे. अटॅकनंतर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ५५ च्या खाली हवं. लॅबच्या कागदावर "१०० पर्यंत नॉर्मल" छापलेलं असतं ते निरोगी माणसासाठी. चार ते सहा आठवड्यांनी तपासा. पुरेसं उतरलं नाही तर इझेटिमाइब जोडतात, आणि त्यानेही भागलं नाही तर आता इंजेक्शनं आहेत. त्यातलं इन्क्लिसिरॅन सुरुवातीच्या दोन मात्रांनंतर वर्षातून दोनदाच घ्यावं लागतं. किंमत मात्र आपल्याकडे अजून बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे.

पंपिंग कमी राहिलं असेल तर चार प्रकारची औषधं एकत्र देतात. त्यातली एसजीएलटी-२ गटातली गोळी मुळात मधुमेहाची आहे, म्हणून "मला साखर नाही, ही का दिली?" असं विचारत लोक ती बंद करतात. ती हृदयासाठीच असते.

चालायला लगेच सुरुवात करा, घरातल्या घरात, मग अंगणात, मग डॉक्टर सांगतील तसं वाढवत. तंबाखू, मिश्री, गुटखा आणि सिगारेट पूर्ण बंद.

पायांकडे लक्ष द्या

हाच थर पायाच्या नसांतही साचतो. ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं, हे वयाचं दुखणं म्हणून सोडू नका. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचा भागाकार करतात. उत्तर ०.९० किंवा कमी आलं तर पायाचा रक्तपुरवठा कमी आहे. ही तपासणी स्वस्त, सुईशिवाय होणारी, आणि मधुमेह्यांच्या बाबतीत हमखास विसरली जाणारी. फुग्याऐवजी एकात एक सरकणाऱ्या नळ्यांनी नस उघडायची सुरुवातच पायापासून झाली. १९६४ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटरने ८२ वर्षांच्या एका बाईंचा पाय कापण्यापासून वाचवला होता. पायाच्या बोटावर भरत नसलेली जखम असेल तर आधी नसांची तपासणी, मग कापायचं की नाही याचा विचार.

घरातले बाकीचे

दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी लवकर येतो. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात आपल्याकडचं मधलं वय ५३ होतं, इतरांचं सुमारे ५९. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत अटॅक आला असेल, तर सख्ख्या भावंडांची आणि मुलांची रक्तदाब, साखर आणि लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) तपासणी करून घ्या, वय तिशीचं असलं तरी. सोबत लायपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) एकदा तपासा. ते आनुवंशिक असतं, खाण्यापिण्याने फारसं बदलत नाही, म्हणून बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासणं पुरतं. ते वाढलेलं निघालं तर बाकीच्या गोष्टी, विशेषतः एलडीएल, आणखी काटेकोर ठेवाव्या लागतात. यातल्या लिपिडसाठी बहुतेक वेळा उपाशीपोटी जायची गरज नसते. रुग्णाच्या पहिल्या फेरतपासणीला जाताना सगळ्यांचं रक्त त्याच दिवशी देऊन या.